छोटा बाएँ

परवा रात्री एका तरुण कॅप्टनचा फोन आला. माझ्याच जुन्या पलटणीतला, सांगलीकडचा पोरगा. "सर, एक पर्सनल विचारायचं होतं." लग्नाला वर्ष झालेला पोरगा असं म्हणाला की आपण जरा सरसावून बसतो. पण निघालं मोटरसायकलचं. "सर, माझी उंची पाच फूट तीन इंच. नवी हिमालयन घेऊ का? जूनमध्ये बायकोला घेऊन लेहला जायचा विचार आहे. तुम्ही इतकी वर्षं चालवली, म्हणून विचारतोय."

माझीही उंची पाच फूट तीन इंच. सेंटीमीटरमध्ये १६०. त्याला माझाच सल्ला का हवा होता ते कळलं. मी म्हणालो, "घे की. पाय पुरत नाही म्हणून कुणी गाडी सोडतं का?" तो खूश झाला. मी फोन ठेवला.

ही शेजारी बसून वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "अर्धंच सांगितलंस."

खरं होतं. म्हणून उरलेलं अर्धं इथे लिहितो. त्या कॅप्टनसाठी, आणि सैन्यात असोत वा नसोत, मोठ्या गाडीवर बुटाच्या टोकावर उभ्या असणाऱ्या सगळ्यांसाठी.

*

आधी माझ्या गाडीचं सांगतो. माझी हिमालयन जुनी, ४११ सीसीची. सीटची उंची ८०० मिलिमीटर, वजन जवळजवळ २०० किलो, टाकी १५ लिटरची, पुढचं चाक २१ इंची. आता आलेल्या ४५० ची सीट ८२५ वर आहे आणि ती वर करून ८४५ पर्यंत नेता येते. लांबच्या प्रवासाच्या मोठ्या गाड्यांत हे आकडे फार नाहीत. पण हे आकडे ज्या पायांसाठी काढलेत ते माझे नव्हेत.

गाडी घेतली तेव्हा शोरूममधला मुलगा माझ्याकडे एकदा वरून खाली बघून अगदी नम्रपणे म्हणाला होता, "सर, सीट थोडी कमी करून घेऊ या का?" मी म्हणालो, "काही गरज नाही." त्याने सहज विचारलं होतं. मला मात्र ते सहज वाटलं नाही. त्यासाठी थोडं मागे, खडकवासल्याला जावं लागेल.

एनडीएत सैन्यासाठी किमान उंची लागायची १५७.५ सेंटीमीटर. माझ्या खात्यात अडीच सेंटीमीटर शिल्लक होते. ड्रिल स्क्वेअरवर पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी आरोळी ठोकली, "लंबा दाएँ, छोटा बाएँ!" ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: स्क्वाड उंचीप्रमाणे लावायचा हा हुकूम. सगळ्यात उंच उजव्या टोकाला, सगळ्यात बुटका डाव्या टोकाला. माझी जागा शोधायला मला कधी वेळ लागला नाही. सरळ डावीकडे चालत जायचं, माणसं संपली की उभं राहायचं. तीन वर्षं मी डावं टोक सांभाळलं. मित्र 'हाफ टिकट' म्हणायचे.

यात दुःख नव्हतं. अडथळ्यांच्या मैदानावरची भिंत सगळ्यांना सारखीच उंच असते. मी ती पार करायला शिकलो. उडी थोडी आधी घ्यायची आणि कोपर वर टाकायचं. रस्सीवर तर उंच पोरांपेक्षा आधी वर जायचो. त्यातून एक गोष्ट अंगात मुरली: वस्तू बदलत नाही, आपण बदलायचं. भिंत कमी करून मिळत नाही. सैन्यात वीस-बावीस वर्षं या एका वाक्यावर माझं चांगलं निभावलं. म्हणून शोरूममधल्या त्या मुलाला मी जे उत्तर दिलं, ते खरं तर भिंतीला दिलेलं उत्तर होतं. सीट म्हणजे भिंत नव्हे, हे कळायला एक वर्ष लागलं आणि एक मनगट मोडावं लागलं.

*

पोस्टिंग शिलाँगला होतं. दीड हजार मीटर उंचीवरचं गाव, पाईनची झाडं, आणि सपाट जागा शोधून सापडत नाही. घर चढावर, ऑफिस उतारावर, बाजार त्याहून खाली. वर्षभर मी तिथे बुटाच्या टोकावर गाडी चालवली. आणि खोटं कशाला बोलू, चालती गाडी मला कधीच जड वाटली नाही. चालत्या गाडीला उंची नसते. प्रश्न फक्त थांबण्याचा. त्यासाठी मी युक्त्या करून ठेवल्या होत्या: सिग्नलला फुटपाथच्या कडेला थांबायचं म्हणजे कठड्यावर पाय टेकतो, दोन गाड्यांमध्ये थांबायचंच नाही, पार्किंगमध्ये नेहमी शेवटची जागा. मला वाटायचं हे कौशल्य आहे. आज विचाराल तर मी त्याला लपवाछपवी म्हणेन.

दिवाळीच्या दोन आठवडे आधीचा रविवार. पाऊस संपला होता, आकाश धुतलेलं. आम्ही दोघं सोहराला, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला गेलो. शिलाँगपासून पन्नासेक किलोमीटर. टाकी काठोकाठ भरली होती. मागच्या पेटीत डबा, पाणी, दोन रेनकोट, कॅमेरा, आणि पुण्याहून नुकताच पोस्टाने आलेला एक दिवाळी अंक, कारण हिला धबधब्यासमोर बसून वाचायचं होतं. मागे माणूस बसणार म्हणून आदल्या संध्याकाळी मी मागचा स्प्रिंग शेवटपर्यंत कसला होता. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं आणि ते बरोबरही आहे. पण त्यामुळे वजनाने जी गाडी थोडी खाली बसायची ती आता बसत नव्हती. माझ्याकडे होता नव्हता तो सेंटीमीटरही मी स्वतःच्या हाताने काढून टाकला होता.

परतताना उमटिंगरच्या अलीकडे पुढची सुमो माणसं उतरवायला अचानक थांबली. मी ब्रेक दाबले, गाडी व्यवस्थित थांबली. घसरणं नाही, ठोकर नाही. रोजच्या सवयीने डावा पाय खाली टाकला.

खाली काही नव्हतं.

रस्त्याची कड पाणी वाहून जावं म्हणून गटाराकडे उतरती केलेली असते. मधोमध आणि कडेला चार-पाच बोटांचा फरक सहज पडतो. माझ्या बुटाच्या टोकाला एरवी जमीन लागायची ती तिथे चार बोटं खाली होती, आणि वर बारीक खडी. पाय जमिनीला लागला तेव्हा गाडी आधीच कललेली होती. गाडी दोनशे किलो, आम्ही दोघं, मागे भरलेली पेटी. थोडी कललेली गाडी मांडीने सावरता येते. एका मर्यादेपलीकडे गेली की पैलवानालाही सावरत नाही, आणि ती मर्यादा आपण समजतो त्याच्या फार अलीकडे असते. आम्ही डावीकडे गेलो. अगदी सावकाश. मला आठवतं, मला पुरेसा वेळ मिळाला होता 'सॉरी' म्हणायला, आणि मी ते म्हणालो होतो.

मी उडी मारून सुटलो. हिने हात टेकला. डावा.

ही डावखुरी आहे. शाळेत गणित शिकवते. डाव्या हाताने फळ्यावर लिहिते, लिहिलेलं पुसलं जाऊ नये म्हणून मनगट वर उचलून लिहिते. मुलं तिची नक्कल करतात. ते मनगट आता काट्याच्या चमच्याच्या मानेसारखं वाकडं दिसत होतं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "हे बरोबर दिसत नाहीये."

रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी होती. दोन खासी बायका धावत आल्या. मोठ्या बाईला तिकडे 'काँग' म्हणतात, आपल्या ताईसारखं. एकीने हिला बाकावर बसवलं, दुसरी माझ्याबरोबर गाडीला भिडली. मी इंजिन बंद केलं, पेट्रोल गळत नाही ना पाहिलं, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवलं, सीटला पाठ लावून बसलो आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत गाडी उभी केली. ही रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आजच शिकून घ्या. कंबरेतून वाकून उचलायला गेलात तर गाडीबरोबर तुम्हीही दुरुस्तीला जाल.

मग प्रथमोपचार. वीस वर्षांत कितीतरी वेळा शिकलेला आणि शिकवलेला. कामठी लावायला आजूबाजूला सरळ लाकूड दिसेना. पेटीतला दिवाळी अंक काढला, जाडजूड होता, मनगटाखाली पन्हाळीसारखा वळवला आणि तिच्याच ओढणीने बांधला. काँगने लाल चहाचा पेला तिच्या उजव्या हातात दिला. ही म्हणाली, "वाचायला आणला होता रे." तेव्हा मला रडू आलं, तिला नाही.

ज्या सुमोमुळे थांबलो होतो तीच सुमो आम्हाला शिलाँगला घेऊन गेली. प्लास्टर कोपरापर्यंत. सहा आठवडे.

*

त्या सहा आठवड्यांत दिवाळी आली. रांगोळी उजव्या हाताने काढली, ती ठिपके मोजत गेली आणि रेषा ठिपक्यांना चुकवत गेल्या. चकलीचा सोऱ्या मी फिरवला. शाळेत बदली शिक्षक आले. परीक्षेचे पेपर ती तोंडाने सांगायची आणि मी गुण लिहायचो. आठवीतल्या एका मुलाने उत्तरपत्रिकेच्या शेवटी लिहिलं होतं, 'मॅडम, लवकर बऱ्या व्हा, नवीन सर फार भरभर पुसतात.'

तिने मला एकदाही बोल लावला नाही. बोल लावला असता तर मी रस्त्याच्या उताराचं, खडीचं, सुमोचं सगळं स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं. तयार स्पष्टीकरण कुणीच मागितलं नाही की ते आपल्यालाच ऐकावं लागतं. आणि ऐकायला लागलं की त्यातली पोकळी कळते.

अशातच एका सकाळी रूट मार्चच्या आधी मी कंपनीच्या पिठ्ठूंची तपासणी करत होतो. नवीन आलेला एक जवान, माझ्याच उंचीचा. पिठ्ठू त्याच्या कमरेच्या खाली लोंबत होता. मी थांबलो, दोन्ही खांद्यांचे पट्टे आवळले, छातीचा पट्टा वर घेतला. त्याला म्हणालो, "बेटा, पिठ्ठू तुझ्या मापाचा कर. नाहीतर पंधराव्या किलोमीटरला तू पिठ्ठूच्या मापाचा होशील." सुभेदार साहेब हसले. मी पुढच्या जवानाकडे वळलो आणि तिथेच पाय अडखळला. हे वाक्य मी आजवर शंभर जवानांना सांगितलं असेल. बूट पायाच्या मापाचा, पिठ्ठू पाठीच्या मापाचा, रायफलची स्लिंग खांद्याच्या मापाची. एकालाही मी कधी म्हणालो नाही की पट्टा ढिलाच ठेव, तू उंच हो.

आणि अकॅडमीत पहिल्या दिवशी सायकल मिळाली तेव्हा मी काय केलं होतं? पाना मागून घेऊन सीट शेवटच्या खाचेपर्यंत खाली केली होती. सतराव्या वर्षी त्याची लाज वाटली नव्हती. चाळिशीत, खांद्यावर हुद्दा आल्यावर वाटली.

त्या संध्याकाळी मोजायला बसलो.

*

आता कामाचं. कॅप्टन, इथून वही काढ.

पहिलं माप आपलं. पँटच्या लेबलवरचं नाही. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं आलं ७२ सेंटीमीटर. टेप धरायला हिचा उजवा हात होता.

दुसरं माप गाडीचं, आणि तेही आपण बसलेलं असताना. कागदावरची ८०० मिलिमीटर उंची रिकाम्या गाडीची. आपण बसलो की स्प्रिंग दबतो. गाडी सरळ धरून, मागच्या चाकाच्या आसापासून वरच्या एखाद्या ठिकाणापर्यंत आधी रिकामी आणि मग आपण बसून मोजायचं. स्प्रिंग माझ्या एकट्याच्या वजनाला साजेसा सैल केल्यावर गाडी ४ सेंटीमीटर बसली. म्हणजे उरले ७६. बुटाचा तळवा ३ सेंटीमीटर. माझे पाय ७२ अधिक ३, म्हणजे ७५. हिशोबात फक्त एक सेंटीमीटरचा तोटा! मग बोटांवर का लटकत होतो?

कारण तिसरं माप: सीटची रुंदी. पाय सरळ खाली जात नाहीत, सीटच्या कडेवरून बाहेर जाऊन मग खाली येतात. जितकी सीट रुंद तितकी वाट लांब. माझे तीन-चार सेंटीमीटर तिथे जात होते आणि कोणत्याही माहितीपत्रकात हा आकडा छापलेला नसतो.

ही गोष्ट मला समजावली ती बाजारातल्या एका सीट शिवणाऱ्याने. साठीचा खासी माणूस. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे 'बाह' म्हणतात. दुकान एवढंसं, छताला सुमोच्या सीटांची कव्हरं टांगलेली. मी म्हणालो, सीट दोन इंच कापून द्या. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला घालून गेलो होतो. "साहब, जूता पहन के आओ." घरी पाठवलं मला. लेफ्टनंट कर्नलला बुटांसाठी परत पाठवणारा ड्रिलच्या उस्तादांनंतरचा तो पहिला माणूस.

बूट घालून गेलो तर त्याने मला गाडीवर बसवलं, मांड्या सीटला जिथे घासतात तिथे खडूने दोन्ही बाजूंना रेघा मारल्या आणि म्हणाला, "ऊँचा कम काटेगा, चौड़ा ज़्यादा काटेगा." पुढचा भाग, टाकीला लागून असतो तो, त्याने दोन्हीकडून दोन-दोन बोटं निमुळता केला. उंची कापली फक्त अडीच सेंटीमीटर. कापलेल्या जागी वर एक सेंटीमीटरचा कठीण फोमचा थर दिला, कारण नुसता मऊ फोम पातळ केला तर तासाभरात हाडं खालच्या पत्र्याशी बोलायला लागतात. कव्हरखाली प्लास्टिकचा कागद घातला आणि शिलाई बसायच्या जागेवर येऊ दिली नाही. मेघालयात शिलाईतून शिरलेलं पाणी महिनाभर फोममध्ये राहतं. मागची, हिची जागा मात्र त्याने जशीच्या तशी ठेवली. मी विचारलं, हीही कापणार का? तो म्हणाला, "मैडम का पैर ज़मीन पे थोड़े ही रखना है."

किती साधं वाक्य. जमिनीवर पाय ठेवायची जबाबदारी एकाचीच असते.

आता बसलो तर दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकत होते, आणि किंचित एका बाजूला सरकलं की एक पाय टाचेसकट. याहून जास्त लागत नाही. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत हा हट्ट धरू नका. एक पाय पूर्ण आणि खात्रीने टेकला की पुरे, दुसरा मागच्या ब्रेकवर हवाच असतो.

एक मोह मात्र मी टाळला. मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून अख्खी गाडीच खाली आणता येते. बाजारात तशा पट्ट्या मिळतात. पण नुसती मागून गाडी खाली आणली की पुढचा काटा जास्त तिरपा होतो आणि वळताना गाडी आळशी होते. मग पुढूनही तेवढीच उतरवावी लागते. खालचं २२० मिलिमीटरचं अंतर कमी होतं आणि दगडाला इंजिनचं पोट लागतं. साइड स्टँड तोच राहिला तर आता लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झुळकीने उजवीकडे झोपते. ज्यांना दुसरा इलाजच नाही त्यांनी हे सगळं एकत्र, जाणत्या मिस्त्रीकडून करावं. पण सुरुवात सीटपासून करा. सीट चुकली तर नवा फोम घालता येतो.

हँडल मी थोडं माझ्याकडे फिरवून घेतलं. हात ताणलेले असले की माणूस पुढे सरकतो. हँडल हलवलं की एक तपासणी विसरू नका: इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा. आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. क्लचची आणि ब्रेकची दांडी बोटांच्या पहिल्या पेरात येईल अशी ठेवा. लहान उंचीबरोबर लहान हातही येतात, हे गाडी बनवणाऱ्यांच्या लक्षात नसलं तरी आपल्या लक्षात हवं.

सामानाचंही तेच. जड वस्तू वरच्या पेटीत नाही, बाजूच्या पिशव्यांत, जितक्या खाली तितकं बरं. १५ लिटर पेट्रोलचं वजन अकरा किलोच्या आसपास, आणि तेही सगळं वर. पुढे पंप आहेत तिथे टाकी काठोकाठ भरायची गरज नसते.

*

सीट झाली, पण माझी सवय तशीच होती. तिच्यावर इलाज केला सिग्नल्सच्या एका हवालदाराने. कुमाऊँचा, एकेकाळचा डिस्पॅच रायडर, माझ्याहून दोन बोटं बुटका. त्याला मी सांगितलं, मला थांबायला शिकव. तो संकोचला. "साहब, आप तो सालों से चलाते हैं." मी म्हणालो, चालवता येतं, थांबता येत नाही.

एमटी पार्कच्या मागच्या मैदानात त्याने चुन्याचे रिकामे डबे मांडले. पंधरा दिवस रोज सकाळी अर्धा तास. क्लच अर्धवट दाबून, मागचा ब्रेक हलका लावून माणसाच्या चालीने आठाचा आकडा काढायचा. मग थांबायचं, पण तो म्हणेल त्या पायावर. डावा. उजवा. उजवा. डावा. पुढचा ब्रेक शेवटच्या क्षणी सोडायचा म्हणजे गाडी मान न टाकता उभी राहते. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक कधीच नाही.

आणि त्याचा एक धडा मला सगळ्यात महाग वाटतो. "साहब, पैर से नहीं, नज़र से रुकिए." थांबण्याच्या वीस-तीस मीटर आधी जमीन बघायची. कोणत्या बाजूला उतार, कुठे खडी, कुठे खड्डा. जिकडे जमीन वर त्या बाजूचा पाय. कडेला उतार असेल तर रस्त्याच्या मधल्या अंगाला थांबायचं, मागचे हॉर्न वाजवोत. गाडी लावताना तोंड उताराकडे करून लावायची नाही. मागे ढकलायला आपल्या पायांना जोर पुरत नाही. मी मनात म्हणालो, हवालदार साहेब, जमीन वाचायची हे तर मी ऑफिसर म्हणून इतरांना शिकवतो. पोझिशन निवडताना आधी जमीन. फक्त रविवारी बायकोला घेऊन फिरायला गेलो की विसरतो.

*

प्लास्टर निघालं, मग महिनाभर मातीचा गोळा दाबायचा व्यायाम. जानेवारीत ती पुन्हा फळ्यावर लिहू लागली. गाडीचा विषय मी काढला नाही. तिनेच काढला. एका रविवारी हेल्मेट हातात घेऊन खाली आली. म्हणाली, "आधी तू बस. दोन्ही पाय टेकव."

मी टेकवले. ती खाली वाकली आणि माझ्या टाचेखाली बोट घालून बघितलं, घागर नीट बसली का पाहावं तसं.

"आता हलवून दाखव." मी गाडी मांड्यांत डावी-उजवी हलवली. "बरं. आता मी सांगितल्याशिवाय ब्रेक सोडायचा नाही, आणि तू हो म्हटल्याशिवाय मी पाय टाकणार नाही." तोच नियम आजही चालतो. तिने खांद्यावर थाप मारायची, मी 'हो' म्हणायचं, मग ती चढते. उतरतानाही तसंच.

आम्ही सोहराच्याच रस्त्याने गेलो. टपरीशी थांबायचं होतं. लांबूनच जमीन बघितली, कडेचा उतार दिसला, आणि टपरीच्या पुढे पंधरा पावलं, जिथे रस्ता सपाट होतो, तिथे जाऊन थांबलो. डावा पाय टेकला. खडी होती, पण टेकला.

काँगने हिला ओळखलं. आधी मनगट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, मग चहा ठेवला. हिने डाव्या हाताने डबा पुढे केला. चकल्या होत्या, नव्याने केलेल्या. या वेळी सोऱ्या तिने फिरवला होता. काँगने एक मोडून तोंडात टाकली आणि 'खुब्लेइ' म्हणाली. खासीत आभारालाही हाच शब्द आणि आशीर्वादालाही. दोन्हींपैकी कोणता हे आम्ही विचारलं नाही.

तो दिवाळी अंक अजून आमच्या कपाटात आहे. मधून कायमचा वाकलेला. हिने तो नंतर पूर्ण वाचला.

तर कॅप्टन, उत्तर 'घे' हेच आहे. पण शोरूममध्ये कुणी सीटचं विचारलं तर 'गरज नाही' म्हणू नकोस. बूट घालून जा, बायकोला बरोबर ने, आणि टाचेखाली बोट घालून बघायला तिलाच सांग. नव्या गाडीला कमी उंचीची सीट मिळते, ८०५ पर्यंत येते. तीही रुंद वाटली तर जवळपास कुठेतरी एखादा बाह असेलच, शोध. महिनाभर मैदानात आठाचा आकडा काढ. मग जा लेहला.

आणि डाव्या टोकाला उभं राहण्याची लाज बाळगू नकोस. मार्च पास्टमध्ये पावलं सगळ्यांची सारखीच पडतात.

जय हिंद.